वंशाचा फेरफार : बापाकडून लेकाकडे आलेल्या खुणांना नावं कशी पडली

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात केलेलं भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती काढून लिहून काढलं आहे.)

मंडळी, पिशवीतून दोन कागद काढतो. दोन्ही आमच्या एकाच वावराचे. हा जुना, आजोबांच्या हातचा. घडीवर फाटलाय, मागून वडिलांनी पिठाच्या खळीनं वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली आहे. त्यावर सर्वे नंबर आहे ४१/२अ. हा दुसरा नवा, त्यावर गट नंबर ६७. माती तीच, धुरे तेच, नंबर वेगळे. वडील गेले तेव्हा वारस नोंदीच्या वेळी हे दोन नंबर एकाच वावराचे आहेत हे पटवता पटवता माझा अख्खा पावसाळा गेला. शेवटी धुऱ्याच्या कोपऱ्यातला मोजणीचा दगड माती उकरून दाखवला, तेव्हा कुठं काम झालं.

तो दगड लक्षात ठेवा. पुढं लागेल.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बावीस जोड्यांत आईकडचं आणि बापाकडचं दर पिढीला मिसळतं. तेविसाव्या जोडीत मात्र पुरुषाला आईकडून एक्स आणि बापाकडून वाय मिळतं. या वायला बरोबरीचा जोडीदार नाही, म्हणून टोकांचे छोटे तुकडे सोडले तर ते कशात मिसळत नाही. आजोबांचं बापाला, बापाचं लेकाला, जवळजवळ जसंच्या तसं. त्यात डीएनएची सहा कोटी चोवीस लाखांवर अक्षरं आहेत, सगळी ए, सी, जी, टी या चारांतलीच, आणि ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सलग वाचून झाली ती थेट २०२३ साली.

‘जवळजवळ’ म्हणालो, कारण एवढी अक्षरं उतरवताना कुठंतरी एखादं चुकतं. शास्त्राच्या पुस्तकात त्याला उत्परिवर्तन म्हणतात. मी कास्तकाराचा मुलगा, मी फेरफारच म्हणतो. इंग्रजीत तलाठ्याच्या फेरफारालाही म्युटेशनच म्हणतात आणि या चुकीलाही म्युटेशनच. फेरफार एकदा झाला की त्या माणसाच्या मुलाला, नातवाला, पणतवाला, पुढच्या साऱ्या पुरुषांना लागतो. म्हणून हजार कोसांवरच्या दोन अनोळखी माणसांत तोच फेरफार सापडला, की त्यांचा बापाकडून बापाकडे जाणारा पूर्वज कधीतरी एकच होता असं धरता येतं.

एक नमुना दाखवतो. वायवर एका जागी जी हे अक्षर ओळीनं चार वेळा येतं. फार पूर्वी एका माणसात त्यातलं एक गळलं, तीन उरले. एवढंच. वंश ओळखायला कामी येणाऱ्या अशा फेरफाराला मी खूण म्हणतो. या खुणेचं नाव एम १७. आज भारतापासून पोलंडपर्यंत कोट्यवधी पुरुषांच्या अंगात त्या जागी तीनच जी आहेत.

आता नावांकडे येऊ. १९९०च्या दशकात खुणा भराभर सापडू लागल्या आणि जो तो आपापलं नाव देऊ लागला. एम १७ असलेल्या शाखेला थोड्याफार फरकानं शास्त्रज्ञांच्या एका गटाच्या शोधनिबंधात ‘३’ म्हणत, दुसऱ्याच्या निबंधात ‘ईयू १९’, तिसरे रोमन आकडे वापरत. अशा निदान सात पद्धती एकाच वेळी चालू होत्या. शेवटी २००२ साली वाय क्रोमोसोम कन्सोर्टियम या नावानं शास्त्रज्ञ एकत्र आले आणि साऱ्या वायंच्या वंशावळीचं एक झाड, नावांची एक पद्धत ठरवली. मोठ्या फांद्यांना ए ते आर अशी अठरा अक्षरं. फांदीला फाटा फुटला की आकडा, त्याला फुटला की अक्षर, पुन्हा आकडा. आर, आर१, आर१ए, आर१ए१. सर्वे नंबरचा पोटहिस्सा पडतो ना, ४१, मग ४१/२, मग ४१/२अ? अगदी तसंच. नुसतं नाव वाचून कोण कोणाच्या पोटातलं हे कळतं. मला ही पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा फार आवडली होती, आजही आवडते.

पण यातच गोम होती. पोटहिस्सा नेहमी खालीच पडतो. झाडाचं तसं नाही, मधेच एखादा जुना सांधा सापडतो. २००२ साली एम १७ची फांदी आर१ए१ होती. पुढं तिच्या वर, म्हणजे तिच्याहून जुनी, एम ४२० ही खूण सापडली. आर१ए हे नाव तिच्याकडे गेलं आणि एम १७वाले एक पायरी खाली सरकून आर१ए१ए झाले. रक्त तेच, नाव बदललं. २००८ साली झाडाची मोठी दुरुस्ती झाली, अक्षरं टीपर्यंत गेली, फांद्या दीडशेवरून तीनशेवर गेल्या. त्या दुरुस्तीत ज्यांना के२ म्हणत ते टी झाले. आणि नंतर के२ हे मोकळं झालेलं नाव भलत्याच एका मोठ्या फांदीला दिलं. आता सांगा, २००५चा निबंध आणि २०१५चा निबंध शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याचं काय होत असेल? दोन्हीत के२, आणि दोन्ही वेगळे.

म्हणून आता जाणकार माणूस लांबलचक नाव टाळतो. मोठं अक्षर आणि त्यापुढं खूण एवढंच लिहितो : आर-एम १७, एच-एम ६९, एल-एम २०. हा तो धुऱ्यातला दगड. नंबर शंभर वेळा बदलोत, दगड जागचा हलत नाही. एम म्हणजे ती खूण स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेनं शोधली, पी म्हणजे ॲरिझोना विद्यापीठानं. नावाच्या शेवटी तारा दिसला, आर१ए* असा, तर समजायचं की मोठी खूण आहे पण खालची माहीत असलेली एकही नाही.

दगडही क्वचित दगा देतो. वायवर एका जागी डीएनएतलं ए जाऊन जी आला, आणि हजारो वर्षांनी आर१एच्या वंशात त्याच जागी जी जाऊन परत ए आला. फेरफार रद्द होऊन जुनं नाव लागावं तसं! म्हणून त्या खुणेला .१ आणि .२ अशा शेपट्या लावाव्या लागल्या.

झाडाच्या मुळाशी तर फांद्यांना द्यायची अक्षरंच संपली. ए म्हणजे पहिली फांदी, तिच्याही आधीचा फाटा निघाला तेव्हा ए०. मग २०१३ साली अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या नमुन्यातून त्याच्याही आधीचा फाटा निघाला. त्याचं नाव ए००. हेच वाय पुढं कॅमेरूनमधल्या म्बो लोकांत सापडलं. तो फाटा दोन लाख वर्षांहून जुना आहे.

आता आपल्या भागाचं. मघाशी एका काकांनी विचारलं, मग आमच्या कुळीचं अक्षर कोणतं? काका, कुळीला अक्षर नसतं. आपल्या गोंड बांधवांत चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे वंशाचे गट आहेत, बापाकडूनच चालतात, आणि त्यावर सोयरीक ठरते. ही सुद्धा पितृवंशाला नाव देण्याचीच पद्धत, प्रयोगशाळेशिवाय उभी राहिलेली. पण ती सोयरिकीसाठी आहे, वायची खूण तिच्या आधीची, हजारो वर्षं आधीची. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, आणि मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांत ओ-एम ९५ ही खूण भरपूर मिळते. हे खरं. तरी एखाद्या माणसाची खूण पाहून त्याची भाषा सांगता येत नाही. एच, एल, जे२, आर१ए, आर२ ही भारतात प्रमाण कमीजास्त होत बहुतेक जातींत सांडलेली आहेत. अक्षर दाखवून कोणी मोठा, कोणी मूळचा, कोणी बाहेरचा असं म्हणू लागला तर त्याला एवढंच विचारा : दहा पिढ्या मागं तुझे पूर्वज किती? एक हजार चोवीस. वाय त्यातल्या एकाचं सांगतं. उरलेल्या एक हजार तेविसांचं काय? हे मी रागानं बोलतोय, कारण या अक्षरांवरून पोरांना भांडताना मी पाहिलंय.

शेवटी बारावीतल्या एका मुलीनं चिठ्ठी पाठवली आहे : ‘आमच्यात वाय नाही, मग आमची नोंद कुठं?’ बाई, बापाकडची पाहायची तर वडिलांची किंवा सख्ख्या भावाची तपासावी. आईकडची खूण मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या छोट्या भागांतल्या डीएनएत असते, ती आईकडून मुलगा-मुलगी दोघांना मिळते, पुढं फक्त मुलगी नेते. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणी निघालेल्या सांगाड्याचा डीएनए वाचल्याचा निबंध २०१९ साली आला, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्यात होते. तो सांगाडा बाईचा. म्हणून त्यात वायचं अक्षर शोधणाऱ्यांना काही मिळालं नाही, आईकडचं मिळालं, यू२बी२. आणि वहीत एक लिहून ठेव : आईकडच्या झाडाचीही अक्षरं एपासूनच सुरू होतात, पण दोन झाडांचा एकमेकांशी संबंध नाही. वायमधला एच आपल्याकडं भरपूर मिळतो, आईकडचा एच युरोपात सगळ्यात जास्त. कुठंही नुसतं ‘एच’ दिसलं, तर आधी विचारायचं, कोणत्या झाडाचा?