कायद्याच्या आधीची माणसं

मित्रहो, भारताला जगाचं औषधालय म्हणायची आता पद्धत पडली आहे. त्याचं श्रेय बहुतेक वेळा एका कायद्याला दिलं जातं. १९७० चा पेटंट कायदा. तो लागू झाला एप्रिल १९७२ मध्ये. त्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट काढून टाकलं. पेटंट उरलं ते रेणू बनवण्याच्या प्रक्रियेवर, आणि तेही फार तर सात वर्षं. तोच रेणू दुसऱ्या वाटेने बनवला, तर कोणी अडवत नव्हतं; २००५ पर्यंत हे असंच होतं. श्रेय खोटं नाही. पण हाच कायदा उद्या एखाद्या देशाने शब्दशः उचलला, तर तिथे औषधं तयार होतील का? दुसरी वाट शोधणारा माणूस तर हवा! आपल्याकडे तो १९७२ साली हजर होता. तो आला कुठून, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. माटुंग्याचं यूडीसीटी, आजचं आयसीटी. तेव्हा डोळ्यांसमोर होत्या कापडगिरण्या. रंगाई, छपाई, ब्लीचिंग यांतलं रसायन समजणारी माणसं गिरण्यांना हवी होती. या विभागाचे पहिले भारतीय प्रमुख के. वेंकटरामन हे रंगद्रव्यांचे रसायनशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये ते पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे संचालक झाले. (त्यांच्या आधीचे संचालक जॉर्ज फिंच. १९२२ च्या मोहिमेत ऑक्सिजन घेऊन एव्हरेस्टवर चढाई करणारे तेच फिंच. एनसीएलजवळची पाषाणची टेकडी त्यांना फारच बुटकी वाटली असणार.)

आता साखळी बघा. वेंकटरामन यांच्या हाताखाली एनसीएलमध्ये ए. व्ही. रामाराव तयार झाले. तेच पुढे हैदराबादच्या आयआयसीटीचे, म्हणजे भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एड्सवरच्या झिडोव्हुडिन या औषधाची स्वस्त प्रक्रिया तिथून सिप्लाकडे गेली. २००१ मध्ये सिप्लाने एड्सवरचा तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला. श्रीमंत देशांत तो दहा हजार डॉलरच्या वर होता. अंजी रेड्डी यूडीसीटीत शिकले, एनसीएलमध्ये पीएचडी झाले, आयडीपीएल या सरकारी औषध कंपनीत नोकरी केली आणि १९८४ मध्ये 'डॉ. रेड्डीज' ही स्वतःची कंपनी काढली. गिरण्यांसाठी लावलेलं झाड औषधांना फळलं. १९५५ च्या ताळेबंदात हे कुठल्या रकान्यात लिहिणार होतात? तेव्हा जर कोणी 'या प्रयोगशाळेने देशाला काय दिलं' असा हिशोब मागितला असता, तर उत्तर फारच केविलवाणं आलं असतं.

बरं, नावं घ्यायची ती शास्त्रज्ञांचीच, ही आपली सवय. दर दहा लाख लोकांमागे आपल्याकडे सुमारे २६० संशोधक, असं सांगून आपण हळहळतो. या आकड्यात तारापूरचा, महाडचा, लोटे परशुरामचा, रासायनिक कारखान्यातला प्लँट ऑपरेटर नसतो. फ्लास्कमध्ये शंभर ग्रॅम पदार्थ बनवणं वेगळं आणि पाच हजार लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये बनवणं वेगळं. फ्लास्कमधली उष्णता काचेतून सहज निघून जाते. रिअ‍ॅक्टरचं आकारमान जितकं वाढतं, तितका त्याचा पृष्ठभाग वाढत नाही. उष्णता आत साचते. मग दुसरा पदार्थ किती सावकाश सोडायचा, भोवतीच्या जॅकेटमध्ये ब्राइन, म्हणजे गार मिठाचं पाणी, कधी चालू करायचं, हे एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, लिहिलेलं असतंच, पण रात्रपाळीला तापमान चढू लागलं की कागद वाचायला वेळ नसतो. हा माणूस आयटीआयमधून एओसीपी, म्हणजे रासायनिक कारखाना चालवण्याचा ट्रेड करून येतो, अ‍ॅप्रेंटिस म्हणून राबतो आणि दहा वर्षांनी तयार होतो. आज अनेक कारखान्यांत तो कंत्राटावर असतो. कंत्राटदार बदलला की माणूस बदलतो. खर्च वाचल्याचं लगेच दिसतं. गेलं काय, ते बॅच बिघडल्यावर कळतं.

याचं सर्वांत महागडं उदाहरण पुण्याच्या वेशीवर आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. तिथे पेनिसिलिन बनू लागलं. किण्वन, म्हणजे टाकीत बुरशी वाढवून तिच्याकडून औषध बनवून घेणं, हे काम चंचल. बुरशीचा वाण जपायचा, टाकीत बाहेरचा एकही जंतू शिरू द्यायचा नाही, हवा आणि साखर तासातासाला सांभाळायची. पुढे चीनचा माल इतका स्वस्त झाला की देशातलं पेनिसिलिन-जीचं, म्हणजे पेनिसिलिनच्या मूळ प्रकाराचं उत्पादन बंद पडलं. हिशोबाने ते बरोबरही होतं. यंत्रं भंगारात गेली असतील, तर त्यांचे पैसे तरी आले असतील. वाण सांभाळणारी माणसं निवृत्त झाली आणि त्यांच्या हाताखाली नवं कोणी आलंच नाही. २०२० मध्ये सरकारने प्रोत्साहन योजनेत पेनिसिलिन-जी घातलं, तेही ६,९४० कोटींच्या योजनेत. काकीनाड्याचा नवा कारखाना सुरू व्हायला २०२४ उजाडलं.