जॉन हॉकवुड: तलवार कुणाची, पैसा कुणाचा

श्रोतेहो, नमस्कार.

जून 1375. फ्लॉरेन्स हे इटलीतल्या सावकारांचं आणि लोकरीच्या व्यापाऱ्यांचं शहर. त्याच्या सीमेवर एक इंग्रज सरदार फौज घेऊन येऊन ठेपला होता. पोपचं मिलानशी चाललेलं युद्ध नुकतंच तहाने थांबलं होतं, म्हणजे पोपच्या पदरी असलेल्या या फौजेला काम उरलं नव्हतं. फ्लॉरेन्सने ओळखलं, की आता आपली पाळी. लढाई झालीच नाही. पाच वर्षं आमच्या वाटेला जायचं नाही, या बोलीवर शहराने त्याला 1,30,000 सोन्याचे फ्लोरिन कबूल केले. एका फ्लोरिनमध्ये साडेतीन ग्रॅम सोनं, म्हणजे एकूण साडेचारशे किलोच्या घरात. शिवाय त्याला स्वतःला वर्षाला 1,200 फ्लोरिनचा तहहयात तनखा! पिसा, सिएना, लुक्का, अरेझ्झो या शहरांनीही त्याच उन्हाळ्यात त्याला खंडणी मोजली.

हा सरदार म्हणजे जॉन हॉकवुड. इटलीतले लोक त्याला जोव्हान्नी आकुतो म्हणत. जन्म 1320 च्या आसपासचा, एसेक्स परगण्यातल्या सिबल हेडिंगहॅम गावचा. घरची थोडीफार जमीन होती, पण ती थोरल्या भावाकडे जाणार. धाकट्याने युद्धाची वाट धरली आणि तो फ्रान्सला गेला. 1360 मध्ये इंग्लंड-फ्रान्सचा तह झाला. राजांनी शाई वाळवली आणि हजारो शिपाई रिकामे झाले. त्यांना लढण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी टोळ्या बांधल्या. पोप तेव्हा रोमला नव्हे, तर दक्षिण फ्रान्सकडच्या आविन्यों शहरात राहत; त्याच्या जवळचं पाँ-सँ-एस्प्री त्यांनी घेतलं आणि पोपचीच रसद अडवली. पोपने पैसे देऊन त्यातल्या बऱ्याच जणांना इटलीच्या वाटेला लावलं. आपल्या दारातलं संकट दुसऱ्याच्या दारात ढकलण्याचा हा प्रकार पुढची तीस वर्षं चालू राहिला.

हॉकवुड ज्या टोळीबरोबर इटलीत आला, ती ‘श्वेत कंपनी’ म्हणून ओळखली जायची. आधी तिचा म्होरक्या अल्बर्ट स्टेर्झ नावाचा जर्मन होता. 1364 मध्ये पिसाच्या नोकरीत असताना हॉकवुड तिचा सेनापती झाला. या लोकांनी इटलीत लढाईची रीतच बदलली. तिघांचं एक पथक: चिलखत घातलेला योद्धा, त्याचा जोडीदार आणि चाकरीला एक पोरगा. लढायच्या वेळी दोघे घोड्यावरून उतरायचे, एकच लांब भाला दोघांनी मिळून धरायचा, आणि रांग सावकाश पुढे सरकायची. घोडे मागे पोरग्यांच्या ताब्यात. सोबत इंग्रजी लांब धनुष्यांचे तिरंदाज. चिलखतं घासूनपुसून अशी लखलखीत, की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. कडाक्याच्या थंडीत आणि मध्यरात्रीही ते चालून जात. जोडून उंच करता येतील अशा शिड्या बरोबर असत, त्यामुळे तटाच्या आत झोपलेल्या माणसालाही सुरक्षित वाटत नसे.

या नोकरीचा रीतसर करारनामा होई. किती पथकं, किती महिने, घोडा मेला तर भरपाई किती, सगळं लेखी. नगरराज्यांना ही व्यवस्था सोयीची होती. व्यापाऱ्यांना दुकान सोडून लढायला जायचं नव्हतं आणि स्वतःच्या नागरिकांच्या हाती शस्त्रं द्यायची त्यांना धास्ती वाटे. म्हणून मला वाटतं, हॉकवुडच्या नावाने बोटं मोडताना त्याला पैसे मोजणाऱ्यांकडेही पाहिलं पाहिजे.

आणि पाहायचं तर चेझेनाकडे पाहू. फेब्रुवारी 1377. या इटालियन शहरात पोपचे ब्रेटन, म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी भागातले, भाडोत्री शिपाई तळ देऊन होते. ते घेतील त्याचे पैसे देत नसत. मांसाच्या दुकानावरून भांडण पेटलं, गाव उठलं आणि शेकडो ब्रेटन मारले गेले. पोपचा प्रतिनिधी, जिनिव्हाचा कार्डिनल रॉबर्ट, याने नागरिकांना अभय दिलं आणि शस्त्रं खाली ठेवायला लावली. त्यांनी ठेवली. मग त्याने फाएन्झाहून हॉकवुडला बोलावून घेतलं. पुढे जे झालं त्यात बायका, म्हातारे, तान्ही मुलं, कुणीही सुटलं नाही. जीव वाचवायला धावलेली माणसं खंदकात बुडाली. मेलेल्यांचा आकडा काही जण अडीच हजार सांगतात, काही पाच हजार. हॉकवुडने हजारभर बायकांना रिमिनीला सुखरूप पोचवलं, असं बखरकार लिहितात. पोचवलंही असेल. पण तटाच्या आत त्याचीच माणसं होती आणि त्याने ती आत नेली होती. नि:शस्त्र गावावर तलवार चालवणं कुठल्याच करारनाम्याने माफ होत नाही. पुढच्याच वर्षी चर्चमध्ये फूट पडून दोन पोप झाले, त्यातला आविन्यों गटाचा पोप झाला हाच कार्डिनल रॉबर्ट!

काही महिन्यांतच हॉकवुडने पोपची चाकरी सोडली. मिलानच्या बेर्नाबो व्हिस्कोंतीची अनौरस मुलगी दोन्नीना हिच्याशी लग्न केलं आणि तो पोपविरोधी गटात गेला. 1387 मध्ये कास्तान्यारोला पाडुआच्या बाजूने लढून त्याने व्हेरोनाचा धुव्वा उडवला. ती त्याची सर्वांत गाजलेली लढाई. उतारवयात तो फ्लॉरेन्सचा झाला, आणि मिलानविरुद्धच्या युद्धात त्याने हे शहर खरोखर राखलं, हेही सांगायला हवं.

मार्च 1394 मध्ये तो वारला. मायदेशी परतायची तयारी चालली होती, ती तशीच राहिली. फ्लॉरेन्सने सरकारी इतमामाने त्याला कॅथेड्रलमध्ये निरोप दिला. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने त्याचे अवशेष मागितले, आणि शहराने होकार दिला. संगमरवरी स्मारकाचा बेत कधीच पुरा झाला नाही. 1436 मध्ये पाओलो उच्चेल्लोने भिंतीवर हिरवट रंगात घोड्यावरचा हॉकवुड रंगवला, तो आजही तिथे आहे. खालच्या लॅटिन ओळींत त्याला आपल्या काळातला अत्यंत सावध आणि युद्धशास्त्रात निष्णात सेनापती म्हटलं आहे. चेझेनाचा उल्लेख नाही. पैसे देणारे पोप, मिलानचे धनी, फ्लॉरेन्सचे सावकार यांपैकीही कुणी त्या चित्रात नाही. त्यांच्यासाठी फ्लॉरेन्सच्या दफ्तरखान्यात जावं लागतं. शहराच्या जमाखर्चाच्या वह्या तिथे जपलेल्या आहेत.

नमस्कार.