विहिरीत उतरलेलं विष कोण खाणार?

मंडळी, फवारणी संपली की पंप धुवायला आपण कुठे जातो? विहिरीच्या काठावर. पाणी तिथेच असतं, सोयीचं पडतं. म्हणून आधी थोडा हिशेब मांडतो. बाटलीबंद पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाला मर्यादा आहे लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम विष एक कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेवर नेऊन ठेवतं. १० मीटर व्यासाच्या विहिरीत १० मीटर पाणी उभं असेल, तर ते आठ लाख लिटरच्या आतच भरतं. एक कोटी लिटर म्हणजे अशा बारा-तेरा विहिरी धरा. आणि वर्षानुवर्षं आपण कपाशीवर मारलेल्या ३६ टक्क्यांच्या मोनोक्रोटोफॉसमध्ये एक ग्रॅम विष तीन मिलिलिटरमध्येच असतं. न विसळलेल्या बाटलीच्या तळाशी तेवढं सहज राहतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं : ‘सर, ते आठवड्या-दोन आठवड्यांत विरून जातं.’ मातीत जातं, खरं आहे. पण २०१३ मध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली, ती याच औषधाने. मातीत लवकर मोडणारं औषध अंगात सौम्य असेल असं मुळीच नाही. ‘अर्धायुष्य’, म्हणजे निम्मं विष मोडायला लागणारा काळ, हा आकडा किती उरलं ते सांगतो. उरलेलं काय करेल, आणि मोडून काय तयार झालं, हे त्यातून कळत नाही.

एंडोसल्फान या कीटकनाशकाचंच घ्या. केरळात कासरगोडला काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने जवळजवळ दोन दशकं ते फवारलं गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली २०११ मध्ये. याच्या रेणूला दोन वाटा असतात. अल्कधर्मी पाण्यात तो फुटतो आणि त्याचं डायॉल नावाचं दुसरं संयुग बनतं. ते बरंच कमी विषारी असतं. मातीत मात्र जिवाणू आणि बुरशी त्याला ऑक्सिजन जोडतात आणि एंडोसल्फान सल्फेट तयार होतं. ते मूळ विषाइतकंच जहाल, वर जास्त टिकाऊ. प्रयोगशाळेच्या अहवालात फक्त मूळ एंडोसल्फान मोजलं, तर ‘घटलं, घटलं’ म्हणून आपण खूश! असा अहवाल हातात आला तर माझा पहिला प्रश्न असतो : सल्फेट मोजलंत का?

आता जिवाणूंची बाजू, कारण ती खरोखर थक्क करणारी आहे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सेतुनाथन आणि योशिदा या शास्त्रज्ञांना डायझिनॉन हे कीटकनाशक वापरलेल्या भातखाचरात एक जिवाणू सापडला. त्याचं वर्णन त्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलं. डायझिनॉन आणि पॅराथिऑन या दोन्ही कीटकनाशकांचा रेणू तो नेमक्या फॉस्फरसच्या सांध्यावर फोडतो. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. खाचरात तेच वाढून ठेवलेलं होतं. याची दुसरी बाजूही आहे. कार्बोफ्युरान हे कीटकनाशक एकाच शेतात पुन्हा पुन्हा टाकलं की तिथले जिवाणू इतके सरावतात, की कीड मरायच्या आधीच औषध फस्त होतं. शेतकरी म्हणतो माल बोगस निघाला, आणि मात्रा वाढवतो.

हे सगळं घडतं मातीच्या वरच्या थरात, जिथे ओल, हवा आणि सेंद्रिय कर्ब असतो. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वळवाचा जोरदार पाऊस आला की पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरतं, वरच्या थरात थांबतच नाही. खाली भूजलात ना ऊन, ना पुरेसा ऑक्सिजन, आणि जिवाणूही मोजकेच. वर आठवड्यांत मोडणारं विष तिथे कितीतरी जास्त काळ टिकू शकतं.

मघाशी एकाने चिठ्ठी पाठवली आहे, ‘असे जिवाणू पाकिटात मिळतील का?’ बाहेरून सोडलेले जिवाणू बहुतेकदा स्थानिक जिवाणूंपुढे टिकत नाहीत. त्या पैशांत शेणखत टाका, म्हणजे मातीतल्या जिवाणूंनाच बळ मिळेल. आणि बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, पंप धुतलेलं पाणीही त्याच पिकावर मारा. विहिरीवर नको.