मिक्सरची वॉरंटी आणि राजा विल्यम

मिक्सर घ्यायला गेलं की काउंटरवरचा माणूस सांगतोच, दादा मोटरला दोन वर्षं वॉरंटी आहे पण भांड्याची गॅरंटी नाय देत आपण. वॉरंटी म्हणजे रिपेअर करून देणार, गॅरंटी म्हणजे बदलून, एवढं आपल्याला पाठ असतं. गंमत अशी की हे दोन शब्द मुळात एकच, फक्त इंग्लिशमध्ये दोनदा शिरलाय.

मूळ शब्द फ्रँक लोकांचा, ज्यांच्यावरून फ्रान्स नाव पडलं ते, आणि तो व ने सुरू व्हायचा. पॅरिसकडच्या लोकांना तो व काही जमेना, मग आधी ग लावून ग्वा-ग्वा करता करता शेवटी नुसता ग उरला. वर फ्रान्सच्या उत्तरेला नॉर्मंडीत मात्र व तसाच टिकला.

1066 मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. त्या लढाईचं बायू गावातलं भरतकाम बघा, जवळजवळ 70 मीटर लांब लिननचं कापड, त्यावर लोकरीच्या दोऱ्याने घोडे, जहाजं, मेलेली माणसं, आणि वर टाके घालून लॅटिनमध्ये त्याचं नाव, विल्लेल्म. व ने! फ्रेंच लोक आज त्याच नावाला गियोम म्हणतात.

तर नॉर्मन लोकांबरोबर व वाले शब्द आले, आणि पुढे पॅरिसच्या फ्रेंचचा रुबाब वाढला तसे तेच शब्द ग लावून परत आले. वॉरंटी इंग्लिशमध्ये 14व्या शतकातली, गॅरंटी थेट 17व्या. हॉस्टेलचा वॉर्डन आणि फॉर्मवरचा गार्डियन, ही पण सख्खी भावंडं.

कॅच आणि चेसचं तेच, नॉर्मंडीत क, पॅरिसकडे च. म्हणजे चेस करताना सोपा कॅच देऊन कोणी आउट झाला की आपण एकाच शब्दावर दोनदा चिडतो.

माझी आवडती जोडी कॅटल आणि कॅपिटल. गुरंढोरं आणि भांडवल, दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून, कारण तेव्हा मालमत्ता म्हणजे गोठ्यात काय बांधलंय ते. आपण पशुधन म्हणतोच की.

आणि मराठीत? क्षण आणि सण! संस्कृतात क्षणचा अर्थ उत्सव असाही होता, प्राकृतात त्याचा छण झाला, मराठीत येईपर्यंत सण, आणि मग पोथ्यापुस्तकांतून तोच क्षण पुन्हा जसाच्या तसा आला, यावेळी घड्याळातला.