इंदूरची संध्याकाळ, न्यूयॉर्कची सकाळ

(दृश्य: सुपर कॉरिडॉर, इंदूरचा आयटी कंपन्यांचा भाग, संध्याकाळ. तिथून गाडी शहरात येते.)

इंदूरला संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ झालेले असतात. तिकडे दिवसाची पहिली मीटिंग सुरू होते. त्याच वेळी इकडे रामबागेत, लोकमान्य नगरात, टिळक नगरात वरणाला फोडणी पडते, गृहपाठाच्या वह्या उघडतात आणि धाकट्यांची झोपेआधीची किरकिर सुरू होते. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं तासभर मागे गेली, की तीच मीटिंग इथे आठला येते. म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी.

या शहरातून घरबसल्या परदेशातल्या किंवा पुण्या-बंगळूरच्या टीमसोबत काम करणारे आई-बाबा कमी नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत परतलेले काही जण इथेच राहिले. घर आपलं, आजी-आजोबा जवळ. पण सत्तरीच्या आजीनं दोन वर्षांच्या नातवामागे दिवसभर धावावं, ही अपेक्षाच बरोबर नाही. आणि मुलाला तर एवढंच कळतं, की आई समोर बसलीय, पण तिच्याशी बोलायचं नाही.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो.)

हा ठिपका नीट पाहा. मायक्रोसॉफ्ट टीम्स या ऑफिसच्या मीटिंग-निरोपांच्या ॲपमध्ये पाच मिनिटं की-बोर्डला किंवा माउसला हात लागला नाही, की माणूस ‘जागेवर नाही’ असं दिसू लागतं. बाळाला पाजायला पाच मिनिटांहून जास्त लागतात. त्याला ढेकर काढून निजवायला आणखी. काही कंपन्या याच्याही पुढे जातात. दर थोड्या वेळानं पडद्याचा फोटो घेणारी, माउस किती हलला ते मोजणारी सॉफ्टवेअर बसवतात. अशी देखरेख आई-बाबांच्या मुळावर येते. काम झालं की नाही, हे त्यातून कळत नाही. माणूस खुर्चीत होता की नाही, एवढंच कळतं. मूल लहान असताना खुर्चीतून उठावं लागतंच.

उपयोगी पडतं ते तंत्रज्ञान दुसऱ्या जातीचं आहे. सगळ्यांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज ते कमी करतं.

सातची मीटिंगच घ्या. ती रेकॉर्ड झाली, सोबत बोलण्याचा लेखी उतारा निघाला, आणि ठरलेल्या गोष्टी सगळ्यांच्या सामायिक ऑनलाइन कागदात नोंदल्या गेल्या, तर इंदूरची आई नऊनंतर, मुलं झोपल्यावर, तासाभराची मीटिंग दहा मिनिटांत वाचून काढते. आपलं मत त्याच कागदात लिहिते. न्यूयॉर्कला तेव्हा दुपार नुकतीच सुरू होत असते, उत्तर मिळतं. मात्र त्यासाठी मॅनेजरनं एक गोष्ट पाळायला हवी: लिहून आलेल्या मताला मीटिंगमध्ये बोललेल्या मताइतकंच वजन द्यायचं. रेकॉर्डिंग आहे, पण निर्णय हजर असलेल्यांनीच घेऊन टाकले, तर त्या रेकॉर्डिंगचा आईला काही फायदा नाही.

(दृश्य: कुकरची शिट्टी. कानाला हेडफोन लावलेला बाबा बोलत राहतो.)

जिथे बोलणं टळत नाही, तिथे आवाज गाळण्याची सोय कामी येते. भरपूर बोलणं आणि भरपूर गोंगाट ऐकवून तयार केलेली संगणकीय प्रणाली माणसाचा आवाज ठेवते आणि मिक्सर, पंखा, कुकर बाजूला काढते. अडचण येते ती शेजारी बडबडणाऱ्या मुलापाशी, कारण तोही माणसाचाच आवाज. म्हणून टीम्समध्ये आता आपल्या आवाजाची नोंद आधी करून ठेवता येते आणि फक्त तोच आवाज पलीकडे जातो. मांडीवर बाळ झोपलेलं असेल, तर स्पीकर बंद करून पडद्यावर उमटणारी वाक्यं वाचायची. ही वाक्यांची सोय ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी फार मोलाची आहे. तिचा आधार नव्या आयांनाही मिळतो, याचा मनापासून आनंद वाटतो.

कॅलेंडरमध्ये कामाचे तास भरून ठेवता येतात. त्या तासांबाहेर कोणी मीटिंग ठेवू लागलं, तर त्याला तशी सूचना दिसते. त्यात इंदूरच्या सुट्ट्याही भराव्यात. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, शहराला स्थानिक सुटी असते, मुलं घरी असतात. बंगळूरच्या सहकाऱ्याला हे आपोआप कसं कळणार? रात्री अकराला सुचलेला मेल लगेच न पाठवता सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवायची सोय जीमेलमध्ये 2019 पासून आहे. ही सवय वरिष्ठांनी आधी लावून घ्यावी. साहेबांचा मेल रात्री आला, की बाकीच्यांना तो बघावाच लागतो.

अशी मोकळीक दिल्यानं काम बिघडतं का? चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2024 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आले. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. बढत्या आणि कामाचं मूल्यमापन यांत फरक पडला नाही.

(दृश्य: पहाट. एक बाबा डबा भरतो, मुलीला रिक्षात बसवतो, मग लॅपटॉप उघडतो.)

पोर्तुगालनं 2021 च्या कायद्यानं, कामाच्या वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क साधू नये असं मालकांवर बंधन घातलं. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 साली याच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं मात्र प्रसूतीची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 12 वरून 26 आठवड्यांवर नेली. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आणि रजा संपल्यावर, कामाचं स्वरूप तसं असेल, तर आईला घरून काम करता येईल, असंही म्हटलं. त्याच्या अटी मालक आणि कर्मचारी यांनी परस्पर संमतीनं ठरवायच्या. यात बाबांचा उल्लेख नाही, ही मोठी उणीव आहे. रिक्षापर्यंत मुलीला सोडणाऱ्या या बाबालाही सकाळची अर्धी घटका कॅलेंडरवर उघडपणे राखून ठेवता यायला हवी.

तोवर त्या ‘परस्पर संमती’चा पुरेपूर उपयोग करावा. रजेवरून परतणाऱ्या आईनं पहिल्याच आठवड्यात मॅनेजरकडून चार गोष्टी मेलवर लिहून घ्याव्यात: कोणत्या तासांत उपलब्ध राहायचं, कोणत्या मीटिंगचं रेकॉर्डिंग पाहिलं तरी चालेल, अगदी तातडीचं काम असेल तर फोन कुणी करायचा, आणि वर्षाअखेरीला काम कशावरून मोजलं जाईल. चौथ्या मुद्द्यावर नुसतं तोंडी ‘बघू’ मिळालं, तर पुन्हा विचारावं.