वेलेबित: रचलेल्या वाटेवरून धावताना

मित्रहो, क्रोएशियाच्या नकाशात समुद्राला अगदी खेटून उभी असलेली एक लांबलचक डोंगररांग दिसते. तिचं नाव वेलेबित. लांबी सुमारे १४५ किलोमीटर. एका अंगाला एड्रिआटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला लिका नावाचा उंचावरचा प्रदेश. सर्वांत उंच शिखर वागान्स्की व्र्ह, १७५७ मीटर. आकडा ऐकून 'एवढंच?' असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. पण ही उंची थेट समुद्राच्या पाण्यापासून मोजायची आहे. किनाऱ्यावरच्या स्तारीग्राद गावात बुटांच्या नाड्या बांधल्या की पुढची सगळी उंची तुमच्या पायांनीच कमवावी लागते.

आज तिथल्या धावण्याच्या वाटांविषयी बोलायचं आहे. कुठली वाट किती किलोमीटरची, हे तुम्ही फोनवर दोन मिनिटांत शोधाल. मला त्याआधीचं सांगायचं आहे. ती वाट तिथेच का आहे? वेलेबितवर हे कळल्याशिवाय धावता येत नाही, फक्त ठेचकाळता येतं.

सुरुवात दगडापासून करू. आपल्या सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याचा, काळा. वेलेबितचा दगड बहुतेक सगळा चुनखडीचा, पांढुरका. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि हे आंबट पाणी चुनखडी हळूहळू विरघळवतं. हजारो वर्षं हेच चाललं की दगडाच्या पाठीवर खोल चऱ्या पडतात आणि दोन चऱ्यांच्या मध्ये धार उरते. तिथले लोक या धारदार दगडांना 'श्क्रापे' म्हणतात. मी पहिल्याच दिवशी तोल सावरायला एका दगडावर तळहात टेकवला आणि साल सोलावी तशी कातडी निघाली. जवळून पाहिलं तर त्या कडेवर करवतीसारखे बारीक दाते होते. असा दगड बुटाला धरून ठेवतो, कोरड्यात पाय सहसा घसरत नाही. पण दोन धारांमधल्या फटीत पाऊल गेलं तर घोटा गेलाच. अशा जमिनीवर वेग हा शब्दच विसरायचा. एक किलोमीटरला पाऊण तास लागू शकतो.

मग इतक्या लोकांना वेलेबितवर धावता कसं येतं? तर एका माणसानं ठरवलं आणि अनेकांनी दगड उचलले म्हणून. आंते प्रेमुझिच नावाचे वनखात्यातले अभियंते होते. त्यांच्या आखणीनुसार १९३० ते १९३३ या काळात उत्तर वेलेबितमधल्या झाविझानपासून मध्य भागातल्या बाश्के ओश्तारियेपर्यंत ५७ किलोमीटरची पायवाट बांधली गेली. बांधली हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. 'प्रेमुझिचची वाट' म्हणून ती आजही ओळखली जाते, आणि माझ्या मते डोंगरात धावणाऱ्या माणसाला मिळालेली ही युरोपातली सर्वांत सुंदर देणगी आहे. धावणाऱ्यांसाठी ती केलेली नव्हती, तरीही.

तिची रचना बघण्यासाठी एकदा थांबाच. मी एका वळणावर वाटेवरच बसून ती निरखली होती. उताराच्या बाजूला मोठे धोंडे एकमेकांत असे अडकवलेले की वरचा खालच्याला दाबून धरतो. त्यांच्या आतल्या अंगाला लहान दगड, आणि वर बारीक खडी दाबून केलेली सपाटी. चुना नाही, सिमेंट नाही. दगड दगडाच्या वजनावर उभा. नव्वद वर्षांचं बर्फ, पाऊस आणि वारा खाऊन बहुतेक ठिकाणी ती रचना जागची हललेली नाही. अशा कोरड्या दगडी बांधकामाच्या कलेला युनेस्कोनं २०१८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि त्या नोंदीत क्रोएशियाचंही नाव आहे. पण माझ्यासाठी त्या कलेचा खरा दाखला पायाखाली होता. वाट चढते, पण अशी बेतानं की श्वास तुटत नाही. कुठे कडा आला तर कड्याच्या पोटातून जाते, कुठे खोल खड्डा आला तर त्याला वळसा घालते. प्रेमुझिच यांना चढ टाळायची विलक्षण नजर होती. मी धावता धावता सारखा म्हणत होतो, आता चढ येणार, आता येणार. आणि तो यायचा तेव्हा आधीच अर्धा सरलेला असायचा.

ही वाट उत्तरेकडून धावावी, असं माझं मत आहे. सुरुवात झाविझानला. १५९४ मीटरवर तिथे एक हवामान केंद्र आहे, १९५३ पासून तिथे नोंदी घेतल्या जातात. तिथून वाट रोझान्स्की कुकोवी या भागात शिरते. 'कुक' म्हणजे चुनखडीचा उघडाबोडका सुळका. असे शेकडो सुळके, त्यांच्या मधे अंधारे खड्डे, कडेला खुजी पाईनची झुडपं, आणि या सगळ्यातून ती रचलेली वाट. हा आणि शेजारचा हायदुच्की कुकोवीचा परिसर १९६९ पासून कडक संरक्षणाखाली आहे, म्हणून आखलेली वाट सोडायची नाही. सोडून जाऊही शकणार नाही म्हणा. ग्रोमोवाचा हे १६७६ मीटरचं शिखर वाटेला लागून आहे. तिथे वर चढून गेलात तर खाली समुद्र आणि त्यात पाग, राब ही बेटं पसरलेली दिसतात. त्याच्या पुढे रोसीचा आसरा, म्हणजे वाटसरूंसाठीची छोटी झोपडी, एका कड्याच्या पायथ्याशी. मग अलान. इथे किनाऱ्यावरच्या याब्लानात्सकडे जाणारा रस्ता खिंड ओलांडतो. झाविझान ते अलान साधारण १७ किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्यानं एवढंच करावं आणि वेळ हातात ठेवून करावं.

अलानच्या पुढे वेलेबितचा चेहरा बदलतो. गवताळ मोकळी कुरणं, बीचची जंगलं, मध्य वेलेबितचं सर्वांत उंच शिखर शातोरिना, १६२२ मीटर. स्कोर्पोवात्सचा आसरा, मग दाबार भागातले कडे आणि शेवटी बाश्के ओश्तारिये. हा दक्षिणेकडचा टप्पा लांबचा आणि एकाकी आहे. खुणा मात्र चांगल्या आहेत. लाल वर्तुळ, आत पांढरा ठिपका. धुक्यात हा ठिपका दिसला की जो धीर येतो तो मी शब्दांत सांगू शकणार नाही.

आता पाण्याचं. हा माझ्या व्याख्यानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण लोक इथेच चुकतात. झाविझानला वर्षाकाठी सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस आणि बर्फ मिळून पडतं. इतक्या पाण्यात डोंगर ओढ्यांनी भरून जायला हवा. पण माथ्यावर तुम्हाला ओढा सापडत नाही. पडलं की झिरपलं, चऱ्यांतून, फटींतून, थेट पोटात. उत्तर वेलेबितमधली लुकिना यामा ही गुहा १४३१ मीटर खोल आहे. माथ्यावरचं पाणी किती खाली जातं, याची त्यावरून कल्पना येईल. पूर्वी उन्हाळ्यात गुरं घेऊन वर राहणारे लोक खोल खड्ड्यांत साठून राहिलेलं बर्फ काढून वितळवायचे आणि तेच प्यायचे. आजही अशा खड्ड्याच्या काठावरून धावताना भर जुलैत अंगावर गार हवेचा झोत येतो. आसऱ्यांजवळ पावसाचं पाणी साठवलेली टाकी असते, पण ती भरलेली असेलच असं धरून चालायचं नाही, आणि असली तरी पाणी शुद्ध करूनच प्यायचं. अडीच-तीन लिटर पाठीवर हवंच. वजन होतं, मान्य. धाव मंदावते, तेही मान्य. तरी घ्या.

दुसरी गोष्ट वारा. लिकाच्या बाजूला थंड, जड हवा साठते आणि मग खिंडींतून ओसंडून समुद्राकडे कोसळते. या वाऱ्याला 'बुरा' म्हणतात. तो एकसारखा वाहत नाही, धक्के देतो. म्हणूनच तो धावणाऱ्याला धोक्याचा. तुम्ही त्याच्यावर रेललेले असता आणि तो अचानक थांबतो. दक्षिण टोकाजवळच्या मास्लेनित्सा पुलावर त्याचे झोत ताशी २०० किलोमीटरच्या वर नोंदले गेले आहेत. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि माथ्यावर मात्र पांढऱ्या ढगाची टोपी बसलेली. ही टोपी दिसली की किनाऱ्यावरची माणसं सांगतात, बुरा येणार. त्या दिवशी कड्यावरची धाव रद्द करायची. यात शौर्य दाखवण्यासारखं काही नाही. अडचणीत सापडलात तर ११२ क्रमांकावरून डोंगरी बचाव पथक मिळतं. तिथले स्वयंसेवक अतिशय तयारीचे आहेत, पण त्याच वाऱ्यातून त्यांना तुमच्यापर्यंत यायचं असतं.

दक्षिणेला पाक्लेनित्सा आहे, १९४९ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. इथे दोन घळी किनाऱ्यापासून डोंगरात घुसतात, मोठी पाक्लेनित्सा आणि छोटी पाक्लेनित्सा. मोठ्या घळीच्या तोंडाशी दोन्हीकडे उभ्या भिंती आणि त्यांवर गिर्यारोहकांचे दोर लोंबत असतात. इथे मात्र वरच्या भागात पाणी झिरपू न देणारे खडक आहेत, म्हणून ओढा वाहतो. घळ चढून डोंगरातल्या मुक्कामाच्या घरापर्यंत जायचं, तिथून जंगलातून उभ्या चढानं डोंगराच्या कण्यावर, मग वागान्स्की व्र्ह ते १७५१ मीटरचं स्वेतो ब्रदो अशी धार धरून पळायचं. दमवणारा दिवस आहे. या दक्षिण भागात १९९० च्या दशकातल्या युद्धात सुरुंग पेरले गेले होते आणि पुढे अनेक वर्षं फलकांनी लोकांना बजावलं की खुणेची वाट सोडू नका. ती सवय मी अजून पाळतो. खडकांत शिंगवाला घोणससुद्धा असतो, त्याला 'पोस्कोक' म्हणतात. हात कुठे टेकवता ते बघा, बास.

स्तारीग्रादच्या वरच्या बाजूला मला 'मिरिला' पाहायला मिळाल्या आणि माझी धाव तिथे थांबली. वरच्या वाड्यांतून कुणी वारलं की मृतदेह खांद्यावरून खाली चर्चच्या दफनभूमीत नेत असत. वाटेत एकाच ठिकाणी खाली ठेवायची मुभा. जिथे ठेवला तिथे डोक्याशी एक दगड, पायांशी एक दगड उभा करायचे, आणि मधे तेवढ्याच लांबीची फरसबंदी. माणसाचं माप दगडात राहायचं. देह पुढे गेला तरी आत्मा इथे विसावला, अशी समजूत होती. त्यामुळे आप्त कबरीपेक्षा मिरिलावर अधिक येत. एक माप अगदी आखूड होतं. दोन पावलांचंही नव्हतं. मी घड्याळ बंद केलं आणि त्या पट्ट्यातून चालत गेलो. या वाटा मुळात वजन वाहणाऱ्या माणसांच्या आहेत. गुरांमागून जाणाऱ्यांच्या, लाकूड आणणाऱ्यांच्या, आणि अशा खांद्यांच्या.

शेवटच्या दिवशी खाली उतरल्यावर मी तसाच समुद्रात शिरलो. ऑगस्टचं कोमट पाणी. चार हात पोहलो आणि एकदम पायांना बर्फासारखा गार प्रवाह लागला. इथे किनाऱ्यालगत अनेक ठिकाणी समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटतात, त्यांना 'व्रुल्ये' म्हणतात. वर माथ्यावर ज्या पाण्यासाठी मी टाक्या धुंडाळत होतो, ते डोंगराच्या पोटातून उतरून इथे माझ्या पायांखाली वर येत होतं. पाण्यावर तिथे एक गुळगुळीत वर्तुळ दिसत होतं. मी त्यात बराच वेळ तरंगत राहिलो.