मुठीतला कागद

[दृश्य: समुद्रकिनारा. उथळ पाण्यातून धावणारे अनवाणी पाय.]

आधी पाय दिसतात. अनवाणी, पाणी उडवत येणारे. मग पांढऱ्या कपड्यांतली तरुण मुलं दिसतात, आणि मग एकेकाचा चेहरा. कुणी दात-ओठ खाऊन धावतोय, कुणी मजेत. आणि एक जण असा, की जणू त्याला कुठे पोचायचंच नाही, धावणं हेच त्याचं सुख.

हा किनारा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा, वेस्ट सँड्स. चित्रपट 1981 चा, 'चॅरियट्स ऑफ फायर'. दिग्दर्शक ह्यू हडसन यांचा हा पहिलाच कथापट. पुढच्या वर्षी त्याला चार ऑस्कर मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं आणि व्हँजेलिस यांच्या संगीताचंही. ती धून आज चित्रपटाचं नाव न ऐकलेल्यालाही ओळखीची वाटते.

मी हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं ते भाड्याने आणलेल्या कॅसेटवर. कॅसेट किती घरं फिरून आली होती कोण जाणे. पडद्याच्या खालच्या कडेला मुंग्या, मधेच एक आडवी रेघ वर सरकत जायची, आणि मी गुडघ्यावर बसून चित्र स्थिर करणारं ट्रॅकिंगचं बटण फिरवत होतो. समुद्र करडा, आकाश करडं, आणि मधून पांढरे डाग पळतायत. धून ऐकून अंगावर काटा आला. चेहरे मात्र मला दिसलेच नाहीत.

त्याचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. गोष्ट तर कळली ना?

गोष्ट कळली. पण या चित्रपटाची श्रद्धा संवादांत थोडी आहे आणि चेहऱ्यांवर फार. चेहराच पुसला गेला, तर उरते ती फक्त एक शर्यत.

[दृश्य: एडिंबराच्या रस्त्यांची जुनी छायाचित्रं.]

एरिक लिडेल, या चित्रपटाचा एक नायक आणि खराखुरा धावपटू. जन्म 1902, चीनमधल्या तिआनजिनचा. आईवडील स्कॉटिश मिशनरी. एडिंबरा विद्यापीठात शिकताना तो स्कॉटलंडकडून रग्बी खेळला आणि धावण्यात तर त्याची बरोबरी करणारे मोजकेच होते. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी ठेवलेली होती. रविवार म्हणजे प्रभूचा दिवस. लिडेल धावला नाही.

चित्रपटात ही बातमी त्याला बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात ती काही महिने आधीच कळली होती, आणि मधल्या काळात तो 400 मीटरची तयारी करत होता. मला खरी गोष्टच जास्त भिडते. एका क्षणाच्या आवेशात नाही म्हणणं त्या मानाने सोपं. महिनोन्महिने, देश आग्रह करत असताना, शांतपणे तेच उत्तर देत राहणं अवघड. आपल्याकडे याला नेम म्हणतात. ज्याच्या घरात वारी आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्या रविवारी लिडेल पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये होता. चित्रपटात तो यशयाच्या 40 व्या अध्यायातून वाचतो. परमेश्वराची आशा धरणारे धावतील तरी दमणार नाहीत, चालतील तरी थकणार नाहीत, हे ते वचन. मराठी बायबल वाचत मोठे झालेल्यांना ते पाठ असतं. वाचन चालू असताना मधेमधे त्या दिवशीच्या शर्यती दिसतात, संथ गतीत. धडपडणारे, चिखलपाण्यात पडणारे धावपटू. एकीकडे शब्द, दुसरीकडे दमलेली शरीरं.

[दृश्य: व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि ब्लू-रे, एका टेबलावर शेजारी शेजारी.]

आता या तीन वस्तूंकडे येऊ या. घरोघरी हा चित्रपट पोचवला तो यांनीच.

कॅसेटवर चित्राच्या एका ओळीत फार थोडाच तपशील टिकतो. त्यात टेप झिजलेली. पांढऱ्या कपड्यांच्या कडा आकाशात मिसळून जातात. छायालेखक डेव्हिड वॉटकिन हे परावर्तित, मऊ प्रकाशासाठी ओळखले जात. मऊ प्रकाशातला चेहरा म्हणजे छटांचा खेळ, आणि कॅसेटने आधी छटाच खाल्ल्या.

डीव्हीडी आली, 720 गुणिले 576 ठिपक्यांची. मुंग्या गेल्या, आडवी रेघ गेली. पण आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' (PAL) पद्धतीचा एक दोष कॅसेटपासून डीव्हीडीपर्यंत तसाच राहिला, आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात आला. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींवर, म्हणजे 24 स्थिर चित्रांवर, चित्रित होतो. पाल टीव्ही सेकंदाला 25 चौकटी दाखवतो. मग सोपा मार्ग असा, की चित्रपटच थोडा जोरात पळवायचा. वेग चार टक्क्यांनी वाढतो. दोन तासांच्या चित्रपटातली जवळजवळ पाच मिनिटं अशीच गळून जातात, एकही दृश्य न कापता. आणि आवाजही चढतो. पेटीवर एका पट्टीतून शेजारच्या पट्टीत जाता जाता मधेच थांबावं, तितका.

म्हणजे ज्या चित्रपटाचा जीवच संथ गतीत आहे, तो आपण वर्षानुवर्षं घाईत पाहिला. ती धूनही आपण वरच्या सुरात ऐकली. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. कुणीतरी आपल्याला कीर्तन भरभर उरकून ऐकवलं होतं, आणि आपल्याला तीच मूळ लय वाटली.

2012 साली, लंडन ऑलिम्पिकच्या निमित्ताने, चित्रपट नव्याने स्वच्छ करून ब्रिटनमधल्या चित्रपटगृहांत पुन्हा लावला गेला. त्याच वर्षी त्याची ब्लू-रे आली. 1920 गुणिले 1080 ठिपके, आणि 24 चौकटींचा मूळ वेग.

[दृश्य: किनाऱ्यावरची तीच धाव. पाण्याचे तुषार मोठे करून.]

ब्लू-रेवर पहिल्यांदा पाहताना काहींना चित्रात बारीक कण हलताना दिसतात आणि ते म्हणतात, प्रिंट खराब आहे. खराब नाही. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो, त्यातूनच चित्र उमटतं, आणि ते कण त्या मूळ फिल्मची खूण आहेत. संगणकाने ते सगळे घासून काढले की कातडीवरची रंध्रं, ओल्या केसांच्या बटा, सगळं सोबत जातं आणि माणसं मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसू लागतात. कण राहू द्यावेत, माणूस राहतो.

नेट मंद असेल तर इंटरनेटवरून पाहतानाही हेच दृश्य आधी बिघडतं. उडणारं पाणी चौकटीगणिक बदलत असतं. तेवढी माहिती मावत नाही, म्हणून फेसाचे चौकोन पडतात.

[दृश्य: पाऊस, छत्र्यांखाली उभी माणसं.]

स्कॉटलंडमधल्या एका शर्यतीनंतर लिडेल पावसात उभा राहून जमलेल्या लोकांशी बोलतो. श्रद्धेची तुलना तो धावण्याशी करतो. ते भाषण लिहिलं खुद्द इयन चार्लसन यांनी, म्हणजे लिडेलचं काम करणाऱ्या नटानेच. भूमिकेसाठी त्यांनी बायबलचा अभ्यास केला होता. आवाज कुठेही चढवत नाहीत ते. चांगल्या प्रतीवर ऐकणाऱ्यांकडेही नीट पाहा. सगळेच भारावलेले नाहीत. पण छत्री धरून, भिजत, थांबलेत सगळे.

[दृश्य: 400 मीटरची अंतिम शर्यत.]

11 जुलै 1924. चित्रपटातलं पॅरिसचं मैदान खरं तर इंग्लंडमधल्या बेबिंग्टनचं. शर्यतीच्या जरा आधी अमेरिकन धावपटू जॅक्सन शोल्झ लिडेलच्या हातात एक चिठ्ठी देतो. तीत शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातलं वचन असतं, जे माझा मान राखतील त्यांचा मी मान राखीन, अशा अर्थाचं. प्रत्यक्षात ती चिठ्ठी ब्रिटिश संघाला मालिश करणाऱ्या माणसाने दिली होती. संघाची सेवा करणाऱ्या माणसाने सकाळी एक चिठ्ठी लिहून द्यावी, एवढंच. मला वाटतं, ते तसंच दाखवायला हवं होतं.

लिडेल 47.6 सेकंदांत जिंकला. धावताना तो डोकं मागे टाकायचा, तोंड आभाळाकडे, हात कसेही फेकत. चार्लसननी ते हुबेहूब उचललंय. पुढच्याच वर्षी लिडेल चीनला परतला, शिक्षक आणि मिशनरी म्हणून. 21 फेब्रुवारी 1945 ला चीनमधल्याच वेइशियनच्या जपानी नजरकैद छावणीत, मेंदूतल्या गाठीने तो गेला. वय 43.

[दृश्य: मूठ, मोठी करून. मग पूर्ण चौकट, मूळ वेगात.]

कॅसेटवर ही शर्यत मी कितीदा पाहिली, मोजलं नाही. लिडेलच्या हाताशी काहीतरी पांढरं लुकलुकायचं. टेपवरचा डाग असेल, असं समजून मी दर वेळी ट्रॅकिंगच्या बटणाकडे हात न्यायचो.

ब्लू-रेवर पाहिलं तेव्हा कळलं. तो डाग नव्हता. चिठ्ठी त्याने टाकलेली नाही. सगळी शर्यत तो कागद मुठीत धरून धावतोय.